मेमो, निलंबन, बडतर्फी : ‘सूड’ संशोधनात कसा पकडायचा?



क्रांती चौकातून जाणाऱ्याला हे दृश्य नवं नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, बाजूने जालना रोडची रहदारी, आणि कडेला कुठल्या तरी संघटनेचा बॅनर. कधी कंत्राटी कर्मचारी, कधी अंगणवाडी सेविका, कधी शिक्षक, तर कधी फेलोशिपसाठी बसलेले आपल्यासारखेच संशोधक विद्यार्थी. बॅनरवर मागण्या असतात : वेतन, पेन्शन, नियमितीकरण. पण घोषणा संपल्यावर चहाच्या टपरीवर जे बोलणं चालतं, ते बॅनरवर कधीच नसतं. “मागच्या वेळी पुढं बसलो होतो, आठ दिवसांत मेमो आला.”

माझ्या संशोधनाची सुरुवात या एका वाक्यापासून झाली. सरकारी नोकरीत कुणी तक्रार केली, नाही म्हटलं, साक्ष दिली, आणि त्यानंतर त्याच्यावर कारवाई झाली, तर त्या कारवाईला ‘सूड’ कधी म्हणायचं? पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या अनेकांचे मला प्रश्न येतात : “विषय चांगला आहे, पण मोजायचा कसा?” आज त्याचंच उत्तर देतो. उदाहरण आपल्याच शहरातलं घेऊ, म्हणजे मुद्दा हवेत राहणार नाही.

आधी थोडा इतिहास

याच चौकाजवळ काळा चबुतरा आहे. १८५७ साली हैदराबाद कंटिंजंटच्या इथल्या घोडदळात असंतोष उफाळला, लष्करी न्यायालयात झटपट सुनावणी झाली आणि शिपायांना देहदंड मिळाला. चबुतरा ही त्याची खूण. त्या काळात सरकारी चाकरी म्हणजे मालकाची मर्जी. मर्जी असेपर्यंत नोकरी, मर्जी फिरली की घरी. कारण सांगायची गरज नाही, बाजू ऐकायची तर नाहीच नाही.

हे तत्त्व हळूहळू सैल होत गेलं. १९१९ च्या भारत सरकार कायद्यात नोकरी बादशहाच्या मर्जीवरच राहिली, पण ज्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नेमणूक केली त्याच्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याला बडतर्फ करता येणार नाही, ही अट आली. १९३५ च्या कायद्यात बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यायची, हेही आलं. आपल्या राज्यघटनेने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. अनुच्छेद ३१० मध्ये मर्जी, आणि अनुच्छेद ३११ मध्ये त्या मर्जीला लगाम. आरोप काय आहेत ते कळवल्याशिवाय, चौकशी केल्याशिवाय आणि बाजू ऐकल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही, सेवेतून काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. याला तीन अपवाद आहेत : फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, चौकशी करणं व्यवहार्य नसल्याची कारणं लेखी नोंदवली असतील, किंवा राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल. १९८५ च्या तुलसीराम पटेल निकालात या अपवादांची सविस्तर चर्चा आहे. सेवाविषयक कायद्यावर काम करायचं असेल तर तो वाचावाच लागेल.

महाराष्ट्रात रोजचा कारभार चालतो तो महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ वर. नियम ४ निलंबनाचा, नियम ५ शिक्षांचा, नियम ८ मोठ्या शिक्षेआधीच्या चौकशीचा, नियम १० किरकोळ शिक्षेचा. हे चार नियम पाठ असले की कुठल्याही कार्यालयातली फाईल तुम्हाला वाचता येते.

पण सगळे ‘सरकारी’ एकाच खिडकीवर येत नाहीत

नवीन संशोधकाची पहिली चूक इथे होते. आपण बोलताना सगळ्यांनाच सरकारी कर्मचारी म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही.

मंत्रालय किंवा तहसील कार्यालयातला कर्मचारी नागरी पदावर असतो. त्याला अनुच्छेद ३११ लागू होतो आणि दाद मागायला मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. मॅट १९९१ पासून काम करतं. मुंबईबरोबर नागपूरला आणि आपल्या शहरातही त्याचं खंडपीठ आहे. एसटीचा वाहक महामंडळाचा कर्मचारी असतो, त्याला ३११ नाही. तो कामगार किंवा औद्योगिक न्यायालयात जातो. अनुदानित खासगी शाळेतल्या शिक्षकाचा पगार शासनाच्या अनुदानातून होतो, पण मालक संस्था असते. त्याच्यासाठी १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि शाळा न्यायाधिकरण. जिल्हा परिषदेचे शिस्तीचे नियम आणखी वेगळे. आणि अकरा महिन्यांच्या आदेशावरचा कंत्राटी कर्मचारी? त्याच्याकडे शेवटी येऊ, कारण खरा प्रश्न तिथेच आहे.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये ‘सरकारी कर्मचारी’ एवढंच लिहू नका. कुठला कायदा, कुठलं न्यायाधिकरण, कुठली वर्षं, हे लिहा. गाईडचे निम्मे प्रश्न तिथेच संपतील.

आपल्या शहरातला एक खटला

आता उदाहरण. दीपाली गुंडू सुरवसे विरुद्ध क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालय. सर्वोच्च न्यायालयाचा १२ ऑगस्ट २०१३ चा निकाल. देशभरात बेकायदा बडतर्फीच्या प्रकरणात मागील वेतनाचा विषय निघाला की हा निकाल पुढे येतो. आणि तो सुरू झाला आपल्या औरंगाबादेतल्या एका अनुदानित प्राथमिक शाळेत. (निकालात शहराचं नाव तेव्हाचंच आहे. ऑनलाईन शोधताना दोन्ही नावं टाका, नाहीतर निम्मे निकाल सुटतात.)

निकालात नोंदलेला घटनाक्रम असा. महापालिकेने मालमत्ता कराचं मोठं बिल लावलं. नोव्हेंबर २००५ मध्ये मुख्याध्यापिकेच्या सहीने कर्मचाऱ्यांना पत्र गेलं : करासाठी प्रत्येकाने महिना १,५०० रुपये द्यावेत. या शिक्षिकेने आणि सहकाऱ्यांनी नकार दिला. त्यानंतर त्रास सुरू झाला. गैरहजेरी आणि इतर आरोपांचे तब्बल २५ मेमो तिला दिले गेले, पगार अडवला गेला. तिने उत्तरं दिली, आरोप नाकारले. १४ नोव्हेंबर २००६ ला निलंबन, १५ जून २००७ ला सेवासमाप्ती.

ती शाळा न्यायाधिकरणात गेली. २० जून २००९ ला न्यायाधिकरणाने सेवासमाप्ती रद्द केली, कारण चौकशी नियमांप्रमाणे झालेली नव्हती. मागील पूर्ण वेतन द्यायलाही सांगितलं. संस्था उच्च न्यायालयात गेली. औरंगाबाद खंडपीठाने सेवासमाप्ती बेकायदा आहे हे कायम ठेवलं, पण मागील वेतनाचा आदेश काढून टाकला. म्हणजे नोकरी परत, मधल्या काळाचा पगार नाही. सर्वोच्च न्यायालयाने हा भाग रद्द केला आणि न्यायाधिकरणाचा आदेश पुन्हा जिवंत केला.

न्यायालयाने जे तत्त्व मांडलं ते आपल्या भाषेत असं : बेकायदा काढून टाकलं असेल तर सातत्यासह नोकरी आणि मागील वेतन देणं हा सर्वसाधारण नियम. मधल्या काळात आपण कुठे कमाईची नोकरी करत नव्हतो किंवा कमी पगारावर होतो, एवढं कर्मचाऱ्याने सांगायचं. नाही, तो पुरेसं कमावत होता, असं मालकाला म्हणायचं असेल तर ते मालकाने सिद्ध करायचं. चौकशी न्याय्य झाली नसेल किंवा कर्मचाऱ्याला मुद्दाम बळी केलं असेल, तर पूर्ण मागील वेतन योग्यच. खटला वर्षानुवर्षं चालला याचा भुर्दंड कर्मचाऱ्यावर टाकायचा नाही.

तारखांचा हिशोब करा. सेवासमाप्तीपासून अंतिम निकालापर्यंत सहा वर्षं आणि जवळजवळ दोन महिने. भांडण कशावरून? महिना १,५०० रुपये देणार नाही, एवढ्यावरून. सहा वर्षं घरात पगार नाही, मुलांच्या फी थांबत नाहीत, नातेवाईक विचारत राहतात “काहीतरी केलंच असेल ना?”. पगार बंद झाला की कर्मचाऱ्याबरोबर त्याचं कुटुंबही होरपळतं, हे न्यायालयाने या निकालात नोंदवलं आहे. मागील वेतन का द्यायचं, याचं कारणही तेच.

सूड ओळखायचा कसा? तीन दुवे

जगभरच्या अभ्यासात सूडाची व्याख्या साधारण तीन दुव्यांची असते.

पहिला दुवा : कर्मचाऱ्याने असं काहीतरी केलं, जे करण्याचा त्याला अधिकार आहे. तक्रार दिली, साक्ष दिली, बेकायदा मागणीला नाही म्हटलं, संघटनेत गेला.

दुसरा दुवा : त्याच्यावर प्रतिकूल कारवाई झाली. मेमो, बदली, निलंबन, गोपनीय अहवालातला शेरा, वेतनवाढ रोखणं, बडतर्फी.

तिसरा दुवा : दुसरं पहिल्यामुळेच झालं.

पहिले दोन दुवे कागदावर सापडतात. तिसरा सापडत नाही. ‘तू तक्रार केलीस म्हणून तुला काढतोय’ असं कुठल्याच आदेशात लिहिलेलं नसतं. आदेशात असतं ‘प्रशासकीय कारणास्तव’. म्हणून तिसरा दुवा खुणांवरून बांधावा लागतो.

आता एक गंमत बघा. आपण परदेशी लेखांमध्ये या खुणा शोधत बसतो, पण महाराष्ट्राच्या स्वतःच्या एका कायद्यात त्या तयार पडल्या आहेत. कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम, १९७१. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली पहिलीच नोंद कामावरून काढण्याच्या सात अनुचित तऱ्हा सांगते. सोप्या भाषेत :

- कर्मचाऱ्याला बळी करण्यासाठी काढणं
- सद्‌हेतूने नव्हे, तर अधिकाराचा नुसता देखावा करून काढणं
- खोट्या पुराव्यावर फौजदारी प्रकरणात गोवून काढणं
- उघड उघड खोट्या कारणासाठी काढणं
- विनापरवाना गैरहजेरीचा खोटा आरोप रचून काढणं
- चौकशीत नैसर्गिक न्याय गुंडाळून ठेवून किंवा अवाजवी घाई करून काढणं
- किरकोळ चुकीसाठी, आधीची सेवा न पाहता, धक्कादायक वाटेल इतकी मोठी शिक्षा करणं

त्याच अनुसूचीत पुढे, व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली आकसाने केलेली बदलीही आहे. हा कायदा महसूल विभागातल्या लिपिकाला लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. पण संशोधनासाठी तो उत्तम साचा आहे. प्रत्येक निकाल वाचताना या सात खुणांपैकी कुठल्या दिसतात, त्याची नोंद करत जा. सुरवसे प्रकरणात किमान दोन दिसतात : गैरहजेरीचे मेमो आणि सदोष चौकशी. शिवाय वेळ. नकारापासून निलंबनापर्यंत वर्ष आणि दोन आठवडे, आणि एकूण मेमो २५. सरासरी काढली तर पंधरा दिवसांना एक. आधी बरी चाललेली नोकरी नकारानंतरच अचानक इतकी बिघडते, हा योगायोग मानायला कुणालाही जड जाईल.

थांबा, दुसरी बाजूही बघा

इथे बरेच जण घाई करतात. तक्रारीनंतर कारवाई झाली, म्हणजे तक्रारीमुळे झाली, असं नाही. आधीपासून चौकशी चालू असलेला माणूससुद्धा मुद्दाम तक्रार करून ठेवू शकतो, म्हणजे उद्या ‘सूड’ म्हणायला मोकळा. संशोधकाने दोन्ही शक्यता तपासायच्या असतात.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या माउंट हेल्दी प्रकरणात याचा एक क्रम घालून दिला. एका शिक्षकाने शाळेच्या पोशाखाच्या नियमाची माहिती रेडिओ केंद्राला फोन करून दिली. पुढे त्याचा करार वाढवला नाही. पण त्याच शिक्षकाबद्दल विद्यार्थिनींना अश्लील हातवारे केल्याचीही नोंद होती. मग खरं कारण कुठलं? न्यायालयाने म्हटलं, फोन हे निर्णयामागचं एक महत्त्वाचं कारण होतं, हे आधी कर्मचाऱ्याने दाखवावं. तसं दाखवलं तर फोन केला नसता तरी हाच निर्णय झाला असता, हे मालकाने दाखवावं. हा शेवटचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : ‘ती गोष्ट घडली नसती, तरी हेच झालं असतं का?’ तुमचं सगळं विश्लेषण या एका प्रश्नाभोवती फिरणार आहे.

भारतात आकस सिद्ध करणं अवघड आहे. १९७४ च्या रोयप्पा निकालात, तामिळनाडूच्या मुख्य सचिवांच्या बदलीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आकसाचा आरोप करणाऱ्यावर पुराव्याचा भार फार जड असतो. पण तो पेलल्याची उदाहरणंही आहेत. त्याआधी दहा-अकरा वर्षं, पंजाबातल्या एका सिव्हिल सर्जनची निवृत्तीपूर्व रजा रद्द करून त्याला निलंबित केलं आणि चौकशी लावली. त्यामागे मुख्यमंत्र्यांचा आकस आहे, हे न्यायालयाने बहुमताने मान्य केलं आणि आदेश रद्द केले. प्रतापसिंग विरुद्ध पंजाब राज्य. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. तिथे काय पुरावा होता आणि इथे काय नव्हता, याची दोन रकान्यांत यादी करा. एक अख्खा उपविभाग तयार होतो.

आणि प्रत्येक कठोर कारवाई सूड नसते. २०२१-२२ चा एसटीचा संप आठवतो ना? विलीनीकरणाची मागणी, महिनोन्‌महिने बंद गाड्या, हजारो कर्मचाऱ्यांवर निलंबन आणि बडतर्फी. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत परतणाऱ्यांना कामावर घ्यायला सांगितलं. ती कारवाई सूड होती का? उत्तर पहिल्या दुव्यावर अवलंबून आहे. संप करणं हा संरक्षित अधिकार मानायचा की नाही? २००३ च्या रंगराजन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत अधिकार नाही, असं म्हटलं होतं. तुमचं मत वेगळं असू शकतं. पण व्याख्या आधी ठरवा, मग प्रकरणं निवडा. प्रकरणं बघून व्याख्या बदलत गेलात, तर व्हायव्हाला उत्तर देता येणार नाही.

जे निकालात कधीच येत नाहीत

आता सगळ्यात महत्त्वाची अडचण. समजा तुम्ही मॅटचे दहा वर्षांचे निकाल गोळा केलेत. ते कुणाचे असतात? ज्यांच्याकडे वकिलाचे पैसे होते, ज्यांना मुदत माहीत होती, ज्यांनी कागद जपून ठेवले, त्यांचे. मॅटमध्ये साधारणपणे अंतिम आदेशापासून एक वर्षात जावं लागतं. खासगी शाळेच्या कर्मचाऱ्याला अपिलासाठी फक्त तीस दिवस मिळतात. साहेबांची मनधरणी करण्यातच ज्याचे तीस दिवस गेले, तो तुमच्या आकडेवारीत नाही. सुरवसे प्रकरणातच बघा. पत्र सगळ्या कर्मचाऱ्यांना गेलं होतं. एखादा गुपचूप पैसे देऊन मोकळा झाला असता, तर त्याचा खटला झाला नसता आणि तो आपल्याला कधीच दिसला नसता.

प्रीस्ट आणि क्लाईन या दोन अभ्यासकांनी १९८४ मध्ये हाच इशारा दिला होता : न्यायालयापर्यंत पोहोचलेली भांडणं ही सगळ्या भांडणांचा नमुना नसतात. म्हणून ‘मॅटमध्ये इतके टक्के कर्मचारी जिंकतात’ यावरून ‘कार्यालयांमध्ये इतका सूड चालतो’ असं कधीही लिहू नका. फार तर ‘न्यायाधिकरण सूडाचा दावा कसा तपासतं’ एवढंच सांगता येईल. तेही कमी नाही.

माहिती अधिकारातून मेमो मागवू, असं वाटत असेल तर तिथेही थांबा. २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याचे मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश ही वैयक्तिक माहिती ठरवली. व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती मिळत नाही. एकत्रित संख्या मागा : अमुक वर्षात किती निलंबनं, किती चौकश्या पूर्ण, किती प्रलंबित. नावं नकोत. असा अर्ज मान्य होण्याची शक्यता जास्त.

माझी एक चूक

हे लिहायला अवघड जातंय, पण तुमच्या कामाचं आहे. माझ्या सुरुवातीच्या मुलाखतींपैकी एक, एका कार्यालयातल्या निलंबित लिपिकाची. क्रांती चौकाजवळच्या टपरीवर आम्ही बसलो. कॅरीबॅगमध्ये फाईल गुंडाळून आणली होती त्यांनी. दोन तास बोलले. निघताना एवढंच म्हणाले, “नाव नका टाकू.”

मी नाव टाकलं नाही. पण सादरीकरणात पद, तालुका आणि निलंबनाचं वर्ष तसंच ठेवलं. चर्चासत्र संपलं, आणि चहाच्या वेळी एकाने सहज विचारलं, “हे म्हणजे आपले अमुक भाऊसाहेब ना?” त्या तालुक्यात त्या पदावर त्या वर्षी एकच माणूस निलंबित होता. नाव न घेताही मी त्यांना उघडं पाडलं होतं.

रात्री फोन करून त्यांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुमचं काम होऊन जाईल हो सर. माझी चौकशी अजून चालू आहे.” दुसऱ्या दिवशी मी ती मुलाखत प्रबंधातून काढली. सुदैवाने पुढे त्यांना त्यामुळे काही झालं नाही. पण ते सुदैव होतं, माझी काळजी नव्हती.

तेव्हापासून माझे नियम असे : पद ढोबळ लिहायचं (‘वर्ग तीनचा कर्मचारी’), तालुक्याऐवजी विभाग, वर्षाऐवजी तीन-चार वर्षांचा काळ. संमतीपत्राची प्रत त्यांच्या घरी राहू द्यायची की नाही, हेही त्यांनाच विचारायचं. ओळखीची यादी वेगळ्या वहीत, ध्वनिमुद्रण वेगळ्या ठिकाणी. आपल्या विषयात माहिती देणारा माणूस बोलतो, तेव्हा त्याची नोकरी पणाला लागलेली असते. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, पण तो अमलात आलेला नाही. त्यामुळे त्याला वाचवणारं आत्ता आपल्याशिवाय फारसं कुणी नाही.

आणि आदेशच नसेल तर?

शेवटचा मुद्दा. तुमच्यापैकी कितीजण तासिका तत्त्वावर शिकवता? बरेच. मग हे तुमच्याबद्दलच आहे.

वर पाहिलेली सगळी यंत्रणा, म्हणजे ३११, चौकशी, अपील, न्यायाधिकरण, मागील वेतन, एका कागदावर उभी आहे. तो कागद म्हणजे काढून टाकल्याचा आदेश. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला किंवा अकरा महिन्यांच्या कंत्राटावरच्या कर्मचाऱ्याला असा कागद मिळतच नाही. जूनमध्ये फोन येत नाही, बस. विचारलं तर “यंदा वर्कलोड नाही.” तुम्ही मानधनाबद्दल अर्ज दिला होता म्हणून फोन आला नाही, की खरंच वर्कलोड नव्हता? दुसरा दुवाच अदृश्य आहे, तर तिसऱ्याचं काय घेऊन बसलात!

परिविक्षाधीन कर्मचाऱ्यांच्या बाबतीत न्यायालयांनी अशा बिनकारणाच्या आदेशांच्या आत डोकावलं आहे. १९७४ च्या शमशेरसिंग निकालात सात न्यायमूर्तींनी सांगितलं की आदेशाची भाषा साधी असली तरी तो मुळात गैरवर्तनाची शिक्षा आहे का, हे बघता येतं. पण तिथे निदान आदेश तरी होता. कंत्राट नुसतं संपू दिलं जातं तेव्हा डोकावायचं कशात?

माझ्या मते या विषयातली खरी रिकामी जागा इथे आहे. निकालांमधून ती भरणार नाही, कारण निकालच नाहीत. इथे वेगळी पद्धत लागेल. एखाद्या गटाची तीन-चार वर्षांची नोंद ठेवा : कुणी अर्ज दिला, कुणी नाही, पुढच्या वर्षी कुणाला बोलावलं, कुणाला नाही, त्या विषयाचा वर्कलोड खरंच बदलला का. मग तोच जुना प्रश्न विचारा : अर्ज दिला नसता, तरी हेच झालं असतं का?

म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी तीन ओळी कागदावर उतरवा. संरक्षित कृती म्हणजे मी काय धरतो? प्रतिकूल कारवाई म्हणजे काय धरतो, आणि आदेश नसेल तर ती कशावरून ओळखतो? दोन्हींमधला संबंध नाकारणारा पुरावा मला कुठे शोधावा लागेल? तिसरी ओळ सगळ्यात अवघड जाते. ती लिहिता आली नाही तर मुलाखती सुरू करू नका.

पुढच्या लेखात मॅटचा एक निकाल घेऊन तो ओळीने कसा वाचायचा आणि नोंदी कशा करायच्या, ते पाहू. तोपर्यंत सुरवसे निकाल एकदा पूर्ण वाचून काढा. पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक तारखेखाली रेघ मारा. हा खटला तारखांमधूनच नीट कळतो.